तिसाचे ऐंशी

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणता आरोपी कोणत्या गुन्ह्यातला, हे मला डायरी उघडून पाहावं लागतं. एक प्रकरण मात्र जसंच्या तसं डोळ्यांपुढे उभं राहतं. मावळतीची वेळ, वडूजपासून चार मैलांवरची एक वस्ती, अंगणात आडवा पडून घोरणारा दांडगा कुत्रा आणि त्याच्या शेजारी मातीत मांडी घालून बसलेला, पलटणीतून निवृत्त झालेला एक सुभेदार.

साठच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट आहे. मला फौजदार होऊन दुसरं वर्ष लागलं होतं. माणदेश-खटावचा तो भाग कोरडवाहू. घरं गावात कमी, रानातल्या वस्त्यांवर जास्त. दर तिसऱ्या घरातला एखादा मुलगा फौजेत. वस्तीला राखण म्हणजे कुत्रं, कुलूप नंतरचं.

सुभेदाराचं सगळं कुटुंब त्या दिवशी म्हसवडच्या रथाच्या जत्रेला गेलं होतं. सकाळच्या एसटीनं गेले, दिवस कलताना परतले. माजघरातली पेटी फोडलेली. मुलीचं लग्न माघात ठरलेलं होतं. तिच्यासाठी केलेल्या पाटल्या, बोरमाळ, पुतळ्यांची माळ, सगळं गेलं होतं. त्याच पेटीत एका मखमली तुकड्यात गुंडाळलेली सुभेदाराची पदकं होती. तीही गेली.

कुत्र्याचं नाव कॅप्टन. सुभेदारानं कॅप्टनला हुकूम सोडायचा आणि कॅप्टननं तो पाळायचा, ही त्या घरातली जुनी थट्टा. पण त्या संध्याकाळी सुभेदार थट्टेच्या पलीकडे गेला होता. कुत्र्याच्या छातीवर हात ठेवून तो मला म्हणाला,

"सायेब, सोनं काय, पुन्ना करू. ती बिल्लं न्हाई परत मिळायची. आन हा मेला असता, तर मी जेवलो नसतो."

मी पंचनामा केला. कडी उचकटलेली, बाकी घराला हात नाही. अंगणात एक पुडीचा कागद सापडला, त्याला पेढ्याचा चुरा चिकटलेला. कॅप्टन उठेना, पण श्वास नीट चालला होता. तासाभरानं त्यानं डोळे उघडले, लटपटत उभा राहिला आणि धन्याच्या पायांवर पडला.

मला लगेच महिन्यापूर्वीचा गुन्हा आठवला. माझ्याच हद्दीत, बाजाराच्या दिवशी, अशीच एक वस्ती भरदुपारी फुटली होती. तिथलं कुत्रं दोन दिवस झोपून होतं. आणि त्याआधी, दसऱ्याच्या सुमारास, मलकापूरच्या बाजूला एक घर फुटल्याचं कराडकडून आलेल्या माहितीपत्रकात वाचलं होतं. तिथलं कुत्रं मेलं होतं. तिन्ही घरं फौजेतल्या माणसांची, तिन्ही चोऱ्या दिवसाउजेडी आणि तिन्ही ठिकाणी कुत्रं भुंकलंच नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात पाच-सात प्रतिष्ठित मंडळी आली. त्यांच्यातला पुढारी खुर्चीत बसता बसताच म्हणाला, "सायेब, चोर लांब न्हाई. जनावरांच्या दवाखान्यात चला."

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली एक व्रणोपचारक होता. जखमा बांधणं, सुया तयार करणं, औषधं देणं हे त्याचं काम. पंचविशीतला, मॅट्रिक झालेला. छप्पन सालानंतर बौद्ध झालेल्या कुटुंबातला. महिनाभरापूर्वी तो पिसाळीची लस टोचायला वस्त्यांवर हिंडला होता. फुटलेल्या दोन्ही वस्त्यांवरच्या कुत्र्यांना त्यानं हात लावलेला होता.

"त्येला कुत्री वळखत्यात, औषध त्येच्या हातात, आन घराघरात शिरतो," पुढारी म्हणाला. "आणखी काय पायजे?"

त्याचा खरा गुन्हा निराळा होता. ते मला तेव्हाही कळत होतं. सरकारी नोकरी, इस्त्रीचा शर्ट आणि अंगणात आल्यावर "बाजूला व्हा, जनावर बघू द्या" असं मोठ्यांनाही सांगण्याची सवय. पण वरिष्ठ साहेबांचा साताऱ्याहून फोन आला होता, तिन्ही गुन्ह्यांचा छडा लागला नव्हता आणि माझ्यापुढे दुसरं नावच नव्हतं. मी शिपाई पाठवून त्याला बोलावून घेतलं.

आणि मी त्याला साडेतीन तास व्हरांड्यात उभं केलं. उभं करण्याची ही पद्धत मला शिकवलेली होती. माणूस उभा राहून राहून सैल होतो, मग बोलतो, असं म्हणत. हवालदार जाता-येता त्याला म्हणत होता, "आटप रं, सांगून टाक. सायेबांचा हात लय वाईट हाय."

तो सैल झाला नाही. आत आणला तेव्हा घामानं शर्ट पाठीला चिकटला होता, पण नजर सरळ होती.

मी विचारलं, "सुभेदाराच्या कुत्र्याला काय घातलंस?"

"मी काही घातलं नाही, साहेब."

"बाजाराच्या दिवशी त्या दुसऱ्याला?"

"नाही."

"आणि मलकापूरच्या?"

"मलकापूर आमच्या हद्दीत येत नाही. तिथल्या कुत्र्याला काय झालं?"

"मेलं ते."

त्यानं नजर खाली वळवली. मला वाटलं, आता फुटतोय. पण तो कसला तरी हिशोब मनात जुळवत असल्यासारखा म्हणाला,

"पहिलं मेलं. दुसरं दोन दिवस झोपलं. सुभेदारांचं दुपारपासून संध्याकाळपर्यंत. साहेब, हा माणूस शिकत गेलाय."

"म्हणजे?"

"मात्रा शिकतोय तो. किती वजनाला किती औषध, हे त्याला आधी माहीत नव्हतं, मग कुणीतरी सांगितलं. मला ते चार वर्षं माहीत आहे. मी चोरी केली असती, तर पहिलं कुत्रं मेलं नसतं."

हवालदारानं माझ्याकडे पाहिलं. मी हवालदाराकडे पाहिलं. ठाण्यात जमलेल्या एवढ्या अनुभवी डोक्यांपैकी एकालाही ही साधी गोष्ट सुचली नव्हती. मी खुर्चीकडे बोट केलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तुम्ही बसा."

चहा मागवला. मग त्यानं मला जनावरांच्या औषधाची चिठ्ठी म्हणजे काय, हे पहिलीतल्या मुलाला सांगावं तसं सांगितलं.

सरकारी दवाखान्यात गुरांची औषधं असतात. जुलाब, मलम, लशी. कुत्र्याला फिट येत असेल, तर तिच्यावरच्या झोपेच्या गोळ्या तिथं नसतात. त्या माणसांच्या औषधाच्या दुकानातूनच आणाव्या लागतात आणि दुकानदार चिठ्ठीशिवाय देत नाही. चिठ्ठीवर डॉक्टर मालकाचं नाव-गाव लिहितात, कारण कुत्र्याला नाव-गाव विचारता येत नाही. मग जनावर कोणतं, वय काय, वजन किती, गोळी कोणती, दिवसातून किती, एकूण किती. खाली तारीख, सही. दुकानदार माल देताना त्यावर आपला शिक्का आणि तारीख मारतो, वहीत उतरवतो. डॉक्टरांनी 'पुन्हा द्यावे' असं लिहिलं नसेल, तर त्याच चिठ्ठीवर दुसऱ्यांदा औषध मिळत नाही.

"आणि डॉक्टर चिठ्ठी देतात कुणाला?" मी विचारलं.

"जनावर दाखवल्याशिवाय कुणालाच नाही. एकदा एका मोठ्या बागायतदारानं गड्याकडून नुसता निरोप पाठवला, तर डॉक्टरांनी गड्याला परत धाडलं. म्हणाले, 'कुत्रा आण. मी मालकाच्या निरोपाला औषध देत नाही.' वजनसुद्धा करतात. मालकाला कुत्रं उचलून काट्यावर उभं करायचं, मग एकट्याला उभं करायचं, वजाबाकी करायची."

"गेल्या चार महिन्यांत अशी चिठ्ठी किती जणांना दिली असेल?"

"फिटांची? दोघांना. एक इथले शाळामास्तर, पण त्यांचं कुत्रं दसऱ्यालाच गेलं. दुसरा..." तो थांबला. मग एकदम उभाच राहिला. "साहेब, काल कराडहून एक कार्ड आलंय. डॉक्टर गुरांना बुळकांडी रोगाची लस टोचायला फिरतीवर आहेत, म्हणून मी ते टेबलावर ठेवलं. माझ्या लक्षातच आलं नाही."

आम्ही दोघं जवळजवळ धावतच दवाखान्यात गेलो. पोस्टकार्ड कराडच्या एका औषधाच्या दुकानदाराचं होतं. मजकूर असा, की आपल्या सहीची चिठ्ठी घेऊन एक इसम आला होता, गोळ्यांच्या आकड्याबद्दल शंका आल्यानं माल दिला नाही, चिठ्ठी ठेवून घेतली आहे, खुलासा व्हावा.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं मी कराड गाठलं. दुकानदार साठीचा, जाड चष्म्याचा आणि अत्यंत काटेकोर माणूस. त्यानं चिठ्ठी कपाटातून काढून काचेवर ठेवली आणि पेन्सिलीच्या टोकानं दाखवत म्हणाला,

"हे पाहा. अर्धी गोळी सकाळी, अर्धी संध्याकाळी. एक महिना. म्हणजे किती झाल्या?"

"तीस."

"आणि इथं काय लिहिलंय?"

इंग्रजी आकड्यात ऐंशी लिहिले होते. नीट पाहिल्यावर दिसत होतं, की तिनाच्या आकड्याची दोन्ही तोंडं बंद करून त्याचा आठ केला होता. शाईही किंचित निराळी.

"चाळीस पौंडांचा कुत्रा," दुकानदार म्हणाला. "एवढ्याशा जिवाला ऐंशी गोळ्या मी देणार नाही, म्हटलं. डॉक्टरांना विचारतो, मग ये. तर तो म्हणाला, 'ऱ्हाऊ द्या,' आणि गेला. चिठ्ठी मागायलाही थांबला नाही."

"कसा होता दिसायला?"

"मफलर गुंडाळलेला. चेहरा काय सांगू? पण बोटं पाहिली मी. बोटांवर डागल्याचे बारीक बारीक काळे ठिपके होते."

चिठ्ठी मी पंचांसमक्ष ताब्यात घेतली. मालकाच्या जागी एक नाव होतं आणि गाव होतं मलकापूर. मलकापूर कराडला लागूनच, म्हणून मी तडक तिथं गेलो. पोलीस पाटलानं गावातली सगळी घरं डोक्यातल्या डोक्यात फिरून मान हलवली. त्या नावाचा माणूस गावात नव्हता.

परतलो तेव्हा डॉक्टर फिरतीवरून आले होते. पन्नाशीचे, तोंडानं तिखट. नोंदवही काढून त्यांनी दोन तारखा दाखवल्या. तोच मालक, तेच कुत्रं, दोन्ही वेळा तीसच गोळ्या.

"माझ्या सहीवर चोऱ्या झाल्या," ते म्हणाले. "पहिल्या वेळी मीच त्याला सांगितलं होतं. जास्त दिलीस तर दिवसभर झोपेल, वजनाप्रमाणेच दे. तो नीट ऐकून घेत होता. मला वाटलं, काय काळजीवाहू मालक आहे!"

"माणूस आठवतो?"

"नाही बुवा."

व्रणोपचारक म्हणाला, "मला माणूस नाही आठवत, पण कुत्रं आठवतं. तांबूस, पुढचा डावा पाय गुडघ्यापर्यंत पांढरा, उजव्या कानाला खाच. काट्यावर त्या माणसानं त्याला असं धरलं होतं, जसं काही लहान पोर."

एवढ्यावर पुढे काय करायचं, असा माझा प्रश्न होता. तांबूस कुत्री माझ्या हद्दीत शेकड्यांनी असतील. मी कराड, सातारा, इस्लामपूर, सांगली इथल्या दवाखान्यांना वर्णन कळवण्याची पत्रं लिहायला बसलो. तेव्हा व्रणोपचारक शांतपणे म्हणाला,

"पत्रं लिहा, साहेब. पण तो इथंच येईल."

"कशावरून?"

"कराडच्या दुकानात गोळ्या मिळाल्या नाहीत. हातात होत्या त्या त्यानं चोऱ्यांना वापरल्या. म्हणजे त्याचं स्वतःचं कुत्रं आता औषधावाचून आहे. हे औषध एकदम तुटलं, की फिटा पहिल्यापेक्षा जोरात येतात. तो येईल."

हवालदार हसला. "चोराला कुत्र्याची कसली आलीय काळजी?"

"पहिलं कुत्रं मेल्यावर त्यानं मात्रा शिकून घेतली," तो म्हणाला. "विष घालणं स्वस्त होतं. त्यानं घातलं नाही. तो येईल."

मला पटलं. वर कळवलं तर साहेबांनी फोनवर विचारलं, "त्या संशयिताला सोडलंत?" मी म्हणालो, "सोडला नाही, सर. कामाला लावलाय." पलीकडून आवाज आला, "आठ दिवस देतो."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दवाखान्यात ठाण मांडलं. मी साध्या वेशात, धोतर-टोपीत. हवालदारानं कुणाची तरी शेळी मागून आणली आणि रोज तिला घेऊन रांगेत बसायचा. डॉक्टर पहिल्या दिवशी गमतीत होते, तिसऱ्या दिवशी वैतागले. म्हणाले, "हवालदार, ही शेळी तुमच्यापेक्षा धडधाकट आहे. निदान लंगडणारी तरी आणा." लोकही कुजबुजू लागले. ती पुढारी मंडळी एकदा येऊन बघून गेली. व्रणोपचारक मोकळा हिंडतोय, हे पाहून त्यांची तोंडं कडू झाली. तो मात्र बैलाच्या खांद्यावरची जखम धुताना मान वर न करता म्हणाला, "राम राम. काही काम होतं का?"

चार दिवस गेले. पाचवा गेला. सहाव्या दिवशी माझाही धीर सुटत आला होता. उन्हं डोक्यावर आली, गर्दी पांगली. तेवढ्यात फाटकातून एक माणूस सायकल ढकलत पळत आत आला. सायकलच्या कॅरिअरवर पोतं, पोत्यात काहीतरी जोरजोरानं हिसके देत होतं. त्यानं सायकल तशीच टाकून दिली, पोतं छातीशी धरलं आणि ओरडला, "डाक्टरसायेब! आवं, बघा की ह्येला!"

पोत्यातून बाहेर आलेला पाय गुडघ्यापर्यंत पांढरा होता.

हवालदार शेळी सोडून उठला. मी हातानंच त्याला थांबवलं. का थांबवलं, ते तेव्हा सांगता आलं नसतं. त्या कुत्र्याच्या तोंडाला फेस आला होता, चारी पाय ताठ झाले होते. डॉक्टर आणि व्रणोपचारकानं त्याला टेबलावर घेतलं आणि दोघं त्याच्यावर वाकले. एकानं डोकं धरलं, दुसऱ्यानं सुई भरली. तो माणूस जमिनीवर गुडघे टेकून "राजा, राजा" करत होता. त्याच्या बोटांवर काळे ठिपके होते.

पाव तासानं कुत्र्याचं अंग सैल पडलं. श्वास लागला. डॉक्टरांनी हात धुतले, टॉवेलनं पुसले आणि मालकाकडे न बघता विचारलं,

"औषध कधीपासून बंद आहे?"

"धा-अकरा दिस झालं."

"मी तुला दोनदा तीस-तीस गोळ्या लिहून दिल्या. पहिल्या तीस कुठे गेल्या?"

तो बाहीनं कुत्र्याच्या तोंडाचा फेस पुसू लागला.

"या कुत्र्याच्या पोटात गेल्या असत्या, तर आज हे झालं नसतं. कुठे गेल्या त्या?"

मी खिशातून कराडची चिठ्ठी काढली आणि कुत्र्याशेजारी टेबलावर ठेवली. तिसाचे ऐंशी केलेली बाजू वर करून. त्यानं ती पाहिली, मला पाहिलं, माझ्या धोतराखालचे पोलिसी बूट पाहिले. मग कुत्र्याच्या पांढऱ्या पायावर हात ठेवून म्हणाला,

"ह्येच्या वाटच्या गोळ्या मी दुसऱ्या कुत्र्यांस्नी घातल्या, सायेब. सुभेदाराच्या कुत्र्याला शेवटच्या चार. त्या ह्येच्या व्हत्या."

नोकरीत मी पुष्कळ चौकशा केल्या. पण इतकी लहान आणि इतकी पुरी चौकशी मी कधी पाहिली नाही. ती केली होती जनावरांच्या डॉक्टरनं.

तो रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर होता; बोटांवरचे ठिपके तारांना डाख लावताना भाजल्याचे. वडूजपासून आठ मैलांवरच्या गावात त्याचं छोटं दुकान होतं. फौजेतली मुलं सुट्टीवर येताना ट्रान्झिस्टर आणायची. ते बिघडले, की हा घरी जाऊन बघायचा. कोणाच्या घरात काय आहे, कोण केव्हा कुठल्या जत्रेला जाणार, कुत्रं कुठं बांधतात, सगळं बसल्या बसल्या कळायचं. मलकापूरच्या घरी त्यानं बाजारात मिळालेलं कसलं तरी गुंगीचं बी पेढ्यात घातलं होतं. कुत्रं मेल्याचं कळल्यावर दोन दिवस त्याला अन्न गेलं नाही, असं तो म्हणाला. चोरी मात्र सोडवली नाही. पुढे स्वतःच्या कुत्र्याला फिटा येऊ लागल्या म्हणून तो इथं आला, आणि डॉक्टरांनी कळकळीनं सांगितलेलं सगळं त्यानं कळकळीनं लक्षात ठेवलं.

पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात टिकत नाही. आरोपीच्या सांगण्यावरून माल निघाला, तर मात्र ते टिकतं. म्हणून मी लगोलग दोन पंच घेतले, त्याचं निवेदन लिहून घेतलं आणि त्याच उन्हात दुकानावर गेलो. फळीवर पाच-सहा जुने रेडिओ होते. त्यानं मधल्याकडे बोट दाखवलं. मागची पाटी चार स्क्रूंवर होती. उघडली तर आत ना वाल्व ना तारा, लाकडी खोकं नुसतं पोकळ. पाटल्या निघाल्या, बोरमाळ निघाली, पुतळ्यांची माळ निघाली. बाजाराच्या दिवशीचा ऐवजही निघाला. मलकापूरचं सोनं त्यानं सांगलीला नेऊन आटवलं होतं. त्याची लगड डाख लावायच्या सामानाच्या डब्यात होती. आणि अगदी तळाशी, मखमली तुकड्यात गुंडाळलेली पदकं. ती विकायला गेलं तर लगेच पकडला जाईन, हे त्याला ठाऊक होतं. टाकूनही देववली नाहीत, म्हणाला.

हवालदारानं तो मखमली तुकडा दोन्ही हातांवर घेतला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "सायेब, आता जरा सुभेदाराचं तोंड बघाया चला."

कायद्यानं मुद्देमाल कोर्टातून सोडवावा लागतो. पण ओळख पटवण्यासाठी सुभेदाराला ठाण्यात बोलावलं होतं. बातमी त्याच्या आधी पोचली होती. वस्तीवरची माणसं, शेजारची दोन गावं, सगळी ठाण्याच्या आवारात लोटली. ती पुढारी मंडळीही होती. सुभेदार आला तो जुना कोट घालून, कॅप्टनला साखळीत धरून. मी टेबलावर पदकं मांडली. तो एकेकावर बोट ठेवत गेला आणि प्रत्येक कुठं मिळालं ते सांगत गेला. शेवटचं त्यानं कोटाच्या बाहीनं पुसलं.

मग त्यानं विचारलं, "कुनी धरला?"

मी व्रणोपचारकाकडे बोट केलं. तो मागे, आवाराच्या भिंतीला टेकून उभा होता. मी मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "यांनी. आम्ही फक्त बेड्या घातल्या."

सुभेदार त्या गर्दीतून वाट काढत गेला. त्याच्यापुढे जाऊन टाचा जुळवल्या आणि पलटणीत वरिष्ठाला करतात तसा खाडकन सलाम ठोकला. मग कुणीतरी टाळी वाजवली, आणि मग सगळं आवार वाजलं. सुभेदारानं त्या पुढाऱ्याकडे वळून, सगळ्यांदेखत म्हटलं, "आता तुमी बी सांगा की, कोन चोर व्हता त्यो." थोड्या वेळानं पुढारी हळूच भिंतीकडे गेला आणि खाली मान घालून काहीतरी म्हणाला. काय ते मला ऐकू आलं नाही. व्रणोपचारकानं मात्र हात जोडले, एवढं दिसलं.

दागिने कोर्टाच्या हुकमानं लग्नाआधी सुटले. माघात लग्न लागलं तेव्हा नवरी सोन्यानं मढलेली होती. मी, डॉक्टर आणि व्रणोपचारक, तिघांनाही सुभेदारानं पुढच्या पंगतीला बसवलं आणि स्वतः वाढायला उभा राहिला. कॅप्टन मांडवात मोकळा होता आणि कुणी बुंदी पुढे केली, तरी धन्याकडे बघितल्याशिवाय खात नव्हता.

खटल्यात कराडच्या दुकानदाराची साक्ष सर्वांत भारी पडली. आरोपीच्या वकिलानं विचारलं, "तुम्ही रोज इतक्या चिठ्ठ्या पाहता, हीच बरी लक्षात राहिली?" दुकानदारानं चष्मा वर केला. "मी चिठ्ठी पाहत नाही, वाचतो," तो म्हणाला. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी ते वाक्य शब्दशः उतरवून घेतलं. आरोपीला दीड वर्षाची सक्तमजुरी झाली.

शिक्षा ऐकल्यावर तो माझ्याकडे वळला. त्यानं घराचं, दुकानाचं काही विचारलं नाही. "राजाच्या गोळ्या?" एवढंच म्हणाला. व्रणोपचारक शेजारीच होता. त्यानं सांगितलं, की कुत्रं त्याच्याकडे आहे, फिट महिनाभर आलेली नाही, आणि मालक सुटून आला की परत मिळेल. तसं ते मिळालंही. पुढे त्या माणसावर माझ्या हद्दीत तरी दुसरा गुन्हा दाखल झाला नाही.

या गुन्ह्याच्या तपासाबद्दल साहेबांनी मला प्रशस्तिपत्र दिलं. मी विनंती केली की त्यात आणखी दोन नावं घालावीत, व्रणोपचारकाचं आणि कराडच्या दुकानदाराचं. साहेबांनी घातली. ती दोन नावं साताऱ्याच्या कार्यालयात टाइप होऊन आली, तेव्हा मला झालेला आनंद पुढे बढतीच्या वेळीही झाला नाही.

पुढे जिथं जिथं बदली झाली, तिथं पहिल्या आठवड्यात मी तीन ठिकाणी चहा प्यायला जाऊ लागलो. जनावरांचा दवाखाना, औषधाचं दुकान आणि पोस्ट. गावातली माणसं पोलिसांशी जपून बोलतात. पण ज्याचं काम बारकाव्यावर चालतं, त्याच्याजवळ बसलं आणि नुसतं त्याच्या कामाबद्दल विचारलं, तर तो जे सांगतो त्याला कुठल्याही लाठीची सर येत नाही. गुन्हेगार सगळी काळजी घेतो. कागद मात्र तो आपल्या सोयीनं वाचतो. चिठ्ठीवर तिनाचा आठ करताना शेजारी 'एक महिना' लिहिलंय, हे त्यानं पाहिलंच नाही. आणि खरं सांगायचं तर, माझीही गत निराळी नव्हती. माझ्यापुढे तिन्ही कुत्र्यांची हकीकत लिहिलेली होती, आणि मी फक्त एका माणसाचं नाव वाचत बसलो होतो.

बदली होऊन निघालो, त्या दिवशी व्रणोपचारक एसटी स्टँडवर आला होता. त्या साडेतीन तासांबद्दल मी त्याची माफी मागितली. गणवेशात मी कुणाची माफी मागितल्याचा तो पहिलाच प्रसंग.

तो हसला. म्हणाला, "साहेब, तुम्ही विचारलंत, म्हणून मी सांगितलं. तेव्हा या गावात मला चार वर्षं झाली होती. त्याआधी मला कुणी काही विचारलंच नव्हतं."